नदीतली नाव समुद्रात घालायची म्हणजे

लिव्हिंग्स्टन म्हणजे आफ्रिका धुंडाळणारा गोरा माणूस, एवढंच आपल्याला माहीत असतं आणि तिथंच विषय संपतो. पण हा माणूस १८६४ मध्ये नदी आणि तळ्यासाठी बांधलेली एक छोटी आगबोट स्वतः चालवत आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या झांजीबार बेटावरून आपल्या मुंबईला आला होता, हे वाचल्यापासून मी भेटेल त्याला तेच सांगत सुटलोय.

बोटीचं नाव लेडी न्यासा. न्यासा तळं म्हणजे आजचं मलावी सरोवर, तिथं जायचं तर मधे नदीत मोठे खळाळ, म्हणून बोट अशी बांधली होती की सुटी करायची, माणसांनी भाग वाहून वर न्यायचे आणि तळ्याकाठी परत जोडायची. ते काही जमलं नाही, इंग्रज सरकारनं मोहीमच परत बोलावली, आणि बोटीत तर ह्याचे स्वतःचे पैसे अडकलेले. तिथंच विकली तर गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हातात जाणार, ते त्याला अजिबात नको होतं. मग ठरवलं, मुंबईला नेऊन विकायची.

३० एप्रिलला झांजीबार सोडलं. अंतर साधारण अडीच हजार मैल, कोळसा फक्त १४ टन, सोबत तिघं युरोपियन, झांबेझी नदीकाठची सात माणसं ज्यांनी खोल समुद्रात बोट कधी चालवली नव्हती, आणि दोन पोरं. त्यातलाच एक चुमा, जो पुढं १८७३-७४ मध्ये लिव्हिंग्स्टनचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत घेऊन जाणाऱ्यांत होता. भर समुद्रात कित्येक दिवस वारा पडला, शिडं नुसती लोंबत राहिली, कोळसा तर जपून वापरायचा, आणि मागून पावसाळा येतोय हे सगळ्यांना कळत होतं. १३ जूनला मुंबई गाठली. बोट इतकी लहान की बंदरात आली तरी कुणाचं लक्षच गेलं नाही असं त्यानं लिहून ठेवलंय.

१३ जून म्हणजे मिरग लागून गेलेला! कोकणात आज १ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, मोठमोठ्या ट्रॉलर किनाऱ्याला लागलेल्या असतात. ही बोट आणखी आठ-दहा दिवस उशिरा निघाली असती तर काय झालं असतं ह्याचा विचारसुद्धा नको वाटतो.

हे सगळं मी पैठणला भोई गल्लीतल्या एका मामांना सांगितलं, त्यांचा सगळा जन्म पाण्यावर गेलाय. मला वाटलं ते म्हणतील लई धाडसी माणूस. त्यांनी विचारलं, "काठ किती उंच व्हता तिचा? आन् वरून बंद व्हती का उघडी?"

खरा प्रश्न हाच आहे बघा. नदीतली नाव उथळ पाण्यासाठी असते, वाळूवर घासली तरी चालावी म्हणून तिचा तळ सपाट, आणि जाळं ओढायला, माणसं चढवायला सोपं जावं म्हणून काठ बुटका. संथ पाण्यात अशी नाव लई स्थिर वाटते, उभं राहिलं तरी हलत नाही. पण सपाट तळाची नाव पाण्याच्या उतारासोबतच कलते, म्हणजे लाट तिरकी झाली की नावही तेवढीच तिरकी. त्यात बुटक्या काठावरून दोन घमेली पाणी आत आलं की ते पाणी कललेल्या बाजूलाच धावतं आणि नावेला अजून खाली ओढतं, आणि मग उलटायला वेळ लागत नाही. वरून बंद असलेल्या बोटीत हे पाणी आत शिरतच नाही, आलं तसं वाहून जातं.

मोठ्या बोटींचं दुखणं वेगळं. लांब नदीबोट समुद्रात गेली की कधी मधला भाग लाटेवर आणि दोन्ही टोकं लोंबती, तर कधी टोकं लाटांवर आणि मधे आधार नाही. तार इकडून तिकडून वाकवत राहिलं की तुटते तसंच. रशियाच्या वोल्गोनेफ्त नावाच्या तेलबोटी नदी आणि किनाऱ्याजवळचा समुद्र अशा दोन्हीसाठी बांधलेल्या, ठराविक उंचीपर्यंतच्याच लाटा झेलायच्या. काळ्या समुद्राला लागून असलेल्या केर्चच्या सामुद्रधुनीत नोव्हेंबर २००७ च्या वादळात त्यातली १३९ नंबरची दोन तुकडे होऊन तेल सांडलं, आणि १५ डिसेंबर २०२४ ला त्याच भागात २१२ नंबरची तशीच तुटली. ती १९६९ ची बोट होती. एक खलाशी गेला, काळं तेल किनाऱ्यावर पसरलं. सतरा वर्षं आधी धडा मिळालेला असताना तसल्याच बोटी तसल्याच हवेत पाठवल्या, ह्याचा मला खरंच राग येतो.

दुसऱ्या महायुद्धात १९४० मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर डंकर्कला इंग्रजांचं सैन्य अडकलं, तेव्हाही लंडनच्या थेम्स नदीतल्या सहलीच्या बोटी इंग्लिश खाडी ओलांडून गेल्याच की, सैनिकांना किनाऱ्यावरून उचलून मोठ्या जहाजांपर्यंत नेलं. पण त्यातले बहुतेक दिवस समुद्र शांत होता म्हणून जमलं.

आता मी हे सगळं मराठवाड्यात बसून कामून लिहितोय, तर आपल्याकडं उलटं झालंय. आपल्या होड्या समुद्रात गेल्या नाहीत, पाणीच मोठं होऊन होड्यांपाशी आलं. जायकवाडी १९७६ ला झालं आणि ज्या भोयांच्या होड्या गोदावरीच्या पात्रापुरत्या होत्या त्यांच्यासमोर साधारण ५५ किलोमीटर लांब आणि २७ किलोमीटरपर्यंत रुंद पाणी पसरलं. वाऱ्याला मोकळं पाणी जितकं लांब मिळतं तितकी लाट वाढते, आणि जिथं पाणी उथळ तिथं ती आखूड आणि उभी होते, छोट्या होडीला समुद्रातल्या लांब संथ लाटेपेक्षा हीच जास्त वाईट. मामा म्हणतात, वैशाखात दुपारी आभाळ काळं दिसलं की जाळं तसंच सोडून काठ धरायचा. मधे सापडलाच तर नावेचं तोंड लाटेवर ठेवायचं, आडवं होऊ द्यायचं नाही, आणि सगळ्यांनी खाली तळाला बसायचं, उभं कुणी राहायचं नाही.

हे शहाणपण जुन्या माणसांकडं आहे, पण ह्याच पाण्यावर गंगापूर तालुक्यात पोरं थर्माकोलच्या तराफ्यावर बसून शाळेत गेलेली पेपरात आली होती, थर्माकोलला काठच नसतो. होडीत फिरायला येणारे लोक लाइफ जॅकेट मांडीवर ठेवून सेल्फी काढतात, अरे ते अंगात घाला, पट्टे आवळा, पोरांना त्यांच्या मापाचं द्या. आणि प्रत्येक घाटावर वारा वाढला की लाल झेंडा लागला पाहिजे, झेंडा असेल तर कुणीही कितीही पैसे दिले तरी होडी सुटायला नको. तो लावायचा की नाही हे मामांसारख्या माणसांना ठरवू द्या, त्यांना त्याचे पैसेही द्या. पुढच्या ग्रामसभेत मी हे मांडणार आहे, पाण्याकाठच्या बाकी गावांतल्या लोकांनी पण आपापल्या गावात मांडा.