तुम्ही विचारलंत म्हणून: सर्कल ऑफ द मूनच का?

परवा पुन्हा एकदा झालंच. कॅसलव्हेनिया, म्हणजे ड्रॅक्युलाच्या वाड्यात घडणाऱ्या व्हिडिओ गेमची मालिका, आणि त्यावरून कुणीतरी म्हणालंच: "हातातल्या यंत्रांवर इतके देखणे कॅसलव्हेनिया येऊन गेले, आणि तू त्यातला सगळ्यात काळाकुट्ट कवटाळून का बसलीस? 'आरिया ऑफ सॉरो' आहे ना!" आहे. चार वेळा संपवलाय. तो जास्त चांगला गेम आहे हेही मी लग्नाआधी आणि लग्नानंतर, दोन्हीकडच्या लोकांसमोर कबूल केलंय. तरी प्रश्न संपत नाही. म्हणून एकदाच लिहून काढते. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवीन.

आधी तुमचं म्हणणं. 'सर्कल ऑफ द मून' आला २००१ मध्ये, हातात धरून खेळायच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या बरोबरीनेच. त्या पहिल्या यंत्राच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. वाडा काळा, भिंती काळपट निळ्या, वटवाघळं काळी. दिसत नाही ही तक्रार शंभर टक्के खरी. पुढच्याच वर्षीच्या 'हार्मनी ऑफ डिसोनन्स'मध्ये सगळं लख्ख केलं, नायकाभोवती निळी कडसुद्धा काढली, आणि संगीताची मात्र पिपाणी करून टाकली. त्यापेक्षा मला 'सर्कल'मधली 'प्रूफ ऑफ ब्लड' ही धून अंधारात चालेल. हे मी भांडायचं म्हणून म्हणत नाहीये. थोडंसं म्हणतेय.

कथा पोस्टकार्डावर मावेल. नायक नेथन गुरूला सोडवायला वाड्यात जातो, गुरूचा मुलगा ह्यू त्याच्यावर जळतो, बस. पहिल्याच मिनिटाला पायाखालची जमीन जाते आणि नेथन थेट तळघरात. पुढे मालिकेची सूत्रं सांभाळणाऱ्या कोजी इगाराशींनी हा गेम अधिकृत कालक्रमातून वगळलाच. थोडक्यात, घरातलं सावत्र पोर. त्यामुळे आमचं जमलं असेल.

पण कार्डं! वीस कार्डं, दहा कृतीची, दहा गुणाची. प्रत्येकी एक निवडायचं, की त्या जोडीची जादू चालते; शंभर जोड्या होतात. मर्क्युरी कार्डाला सॅलमँडर कार्ड जोडलं की नेथनचा चाबूक पेटतो. एका जोडीत नेथन स्वतःच सांगाडा होतो, हाडं फेकतो आणि एका फटक्यात मरतो. खेळणाऱ्याची अशी चेष्टा करणारा गेम मला आवडणारच. गोम अशी की कार्डं शत्रूंकडून पडतात, कुणाकडून ते गेम सांगत नाही, आणि पडतील तेव्हा पडतील. दुकान नाही, पैसे नाहीत. त्याच खोलीत जायचं, मारायचं, दाराबाहेर यायचं, पुन्हा आत.

आता ते प्रकरण, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर असलंच तर तिथे आहे.

२००६ चा मे, नाशिक. यंत्र दुबईच्या मामाने दादासाठी आणलेलं, दुपारचं माझं. दुपारीच लोडशेडिंग. टीव्ही बंद, पंखा बंद, दोन पेन्सिल सेलवर चालणारं ते यंत्र तेवढं सुरू. पण बघायला उजेड हवा! गच्चीवर गेलं तर उन्हात पडद्यात स्वतःचं नाक दिसायचं. शेवटी जागा सापडली ती जिन्याच्या वळणावरची खिडकी. तिसऱ्या पायरीवर बसून, पाठ भिंतीला लावून, यंत्र किंचित डावीकडे कललं की वाडा दिसायचा. बोटभर इकडेतिकडे झालं की गुडुप.

युरेनस नावाच्या कार्डासाठी (त्याने मोठमोठे प्राणी मदतीला बोलावता येतात) मी तीन दुपारी त्याच एका खोलीत आतबाहेर करत होते. तिसऱ्या दिवशी ते पडलं. जमिनीवर इवलंसं कार्ड. उचललं. आणि बघते तर यंत्राचा हिरवा दिवा लाल झालेला. सेल संपत आलेले, नेथनची रक्ताची पट्टी नखाएवढी, सेव्हची खोली पाच-सहा खोल्या लांब. धावायला बटण दोनदा दाबावं लागतं, दर वेळी. घाईत बोटाचा ठेका चुकला की नेथन पेन्शनरासारखा चालतो. तरी चार खोल्या काढल्या.

तेवढ्यात खालून शेजारच्या काकू, दोन्ही हातांत बादल्या. लाइट नाही म्हणजे मोटार नाही, मोटार नाही म्हणजे वरच्या टाकीत पाणी नाही. "सरक गं जरा." मी सरकले. उजेड पडद्यावरून गेला. अंधारात काहीतरी लागलं, नेथनची ती ओळखीची किंकाळी ऐकू आली, आणि काकू म्हणाल्या, "डोळे जातील हो तुझे." मेलं की शेवटच्या सेव्हपासून सुरुवात. कार्ड गेलं. तीन दुपारी गेल्या. मी रडले नाही असं दादाला सांगितलं. तो अजून हसतो.

त्यानेच मग मित्राकडून कळलेली गेममधली खोड दाखवली. हातातली दोन कार्डं लावायची, जादू सुरू होते त्या क्षणी मेनू उघडायचा आणि जे कार्ड नाहीच त्याच्या रिकाम्या चौकटीवर जाऊन थांबायचं. जादू चालते! नसलेल्या कार्डाची. दोन दिवस मी तत्त्वाने नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी केलं. इथे लिहायला हवं की मग मजाच गेली. गेली नाही. युरेनसने बोलावलेला थंडरबर्ड पडदाभर आला तेव्हा मी एकटीच जिन्यात टाळ्या वाजवल्या.

मग अवघडपणाचं एवढं कौतुक कशाला, असं तेव्हाची मी आताच्या मला विचारेल. आणि आताची मी तिला विचारेन की ती खोड आयती मिळाली असती, तीन दुपारी न घालवता, तर टाळ्या वाजवल्या असत्यास का? दोघींकडे उत्तर नाही. गेम संपवल्यावर कळतं की नवा खेळ सुरू करताना नाव 'फायरबॉल' टाकलं तर विसाच्या वीस कार्डं सुरुवातीपासूनच मिळतात. ते वाचून मी यंत्र उशीखाली ठेवून दिलं आणि आठवडाभर काढलं नाही.

तर घ्यावा का? हातातला कॅसलव्हेनिया पहिल्यांदाच खेळणार असाल तर 'आरिया' घ्या, माझ्या नादी लागू नका. हाच हवा असेल तर २०२१ च्या संग्रहात तो बाकीच्यांबरोबर मिळतो. त्यात चूक झाली की मागे जाता येतं, आणि समोरच्या शत्रूकडे कार्ड आहे का तेही दिसतं. मी ती सोय चालू ठेवलीय, लाज नाही. पडदाही आता आतून उजळलेला. धावायला मात्र अजून दोनदाच दाबावं लागतं, आणि माझं अजून चुकतं.