सेट कुठं आहे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ‘मालगुडी डेजचा सेट आगुंब्यात अजून उभा आहे का?’ मालगुडी डेज म्हणजे दूरदर्शनची जुनी मालिका, आगुंबे हे कर्नाटकातलं गाव. कोल्हापुरात हे विचारणाऱ्याच्या डोळ्यासमोर मोरेवाडीची चित्रनगरी असते. पुढून वाडा, मागून प्लायवूड आणि वासे. आगुंब्यात तसलं काही शोधू नका. दिग्दर्शक शंकर नागांनी ऐंशीच्या दशकात खऱ्या गावात, राहत्या घरांत शूटिंग केलं. पाट्या उतरल्या, घरं राहिली. शोधायचं ते कॅमेरा कुठं उभा होता, एवढंच.

आता ‘दोड्डमनेचे खांब बदललेत म्हणं’ याबद्दल. दोड्डमने म्हणजे आगुंब्यातलं मालिकेत दिसणारं जुनं मोठं घर. ही अफवा माझीच. मालिकेतली त्याच्या चौकातली एक फ्रेम प्रिंट काढून नेली होती. अर्धा दिवस मागंपुढं सरकलो, जुळेना. चित्रात खांब जाड आणि लांब-लांब, समोर बारीक आणि जवळ-जवळ. मग मीच ठरवलं, घरच्यांनी खांब बदलले. परत येऊन भेटेल त्याला सांगितलं. पुढं कधीतरी मालिकेच्या त्याच भागात दिसणाऱ्या गाडीचं चाक चित्रावरच पट्टीनं मोजलं: आडवं ४० मिलीमीटर, उभं ३०. चाक अंडाकृती कसं असेल? दूरदर्शनचं चित्र ४:३. माझी प्रत कुणीतरी १६:९ मध्ये ताणलेली. म्हणजे प्रत्येक वस्तू एक-तृतीयांश रुंद. खांब जागेवरच होते. दुरुस्ती सांगत फिरलो, पण ती कुणाला पटत नाही. बदललेल्या खांबांची गोष्ट जास्त बरी वाटते. आता लोक ती मलाच ऐकवतात.

तर आधी चाक मोजा. मग मोबाइलचा कॅमेरा ४:३ वर ठेवा. चित्रात जवळच्या खांबाची कड मागच्या चौकटीला नेमकी कुठं कापते ते बघा आणि तसं दिसेपर्यंत डावी-उजवीकडं सरका. नंतर जवळच्या आणि लांबच्या खांबाच्या उंचीचं प्रमाण जुळेपर्यंत पुढं-मागं. झूम सगळ्यात शेवटी. झूमनं चित्र मोठं होतं, हे प्रमाण हलत नाही. इथंच बहुतेकजण फसतात. उंचीसाठी सपाट रस्त्यावरची फ्रेम घ्या: क्षितिजाची रेषा उभ्या स्वामीच्या, म्हणजे मालिकेतल्या पोराच्या, डोळ्यांतून जात असेल, तर कॅमेरा त्याच्याच डोळ्यांच्या उंचीवर होता. गुडघ्यावर बसा.

मालिकेतलं मालगुडी स्टेशन आगुंब्यात नाही, हे कितीदा सांगू? ते अरसाळू, शिवमोग्ग्याहून तळगुप्प्याला जाणाऱ्या लाइनवर. आता तिथं मालगुडीचं संग्रहालय आहे. पण रूळ धरून फ्रेम जुळवू नका. तेव्हा मीटरगेज होतं, १००० मिलीमीटर. आता ब्रॉडगेज, १६७६. इमारतीच्या कडा धरा.

पावसाळ्यात आगुंब्याला जाऊ नका. वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस. धुक्यात समोरचा खांबसुद्धा दिसत नाही, प्रिंटचा लगदा होतो तो वेगळाच. डिसेंबर-जानेवारी बरा. आणि दोड्डमने राहतं घर आहे, ट्रायपॉड उघडण्याआधी विचारा. मी पहिल्या वेळी विचारलं होतं, बरं का. आरोप नंतर केला.

जाण्यासारखं आहे का? फ्रेम जुळवायची नसेल तर एक शांत, ओलं गाव आहे. मला ते पुरलं नाही, तुम्हाला पुरेलही. ताणलेलं चित्र सरळ करून परत गेलो, तेव्हा सगळं बसलं. डावीकडचा एक खांब तेवढा बोटभर बाहेर राहिला. का, ते मी आता कुणाला सांगत नाही.