ढासळता काठ आणि बोटींचा रॅम्प: पाण्यालगतच्या बागेतलं काम

बागेच्या काठाला आधी सिमेंटची उभी भिंत होती आणि तीच पुढे कलली होती. अशा वेळी पहिली सूचना येते ती भिंत आणखी जाड करण्याची. त्यानं काही साधत नाही. उभ्या भिंतीवर आपटलेली लाट खाली वळते आणि भिंतीचाच पाया उकरते. त्यात मागच्या मातीत मुरलेलं पाणी कोंडतं. तलावाची पातळी भराभर उतरली की समोरचा आधार जातो, मागचा दाब मात्र तसाच राहतो. म्हणून बऱ्याच भिंती पाणी चढताना तग धरतात आणि उतरताना पडतात.

आम्ही भिंत काढून दगडी पिचिंग केलं, म्हणजे काठाला उतार देऊन त्यावर दगडांचा थर रचला. उतार १:३ (एक मीटर उंचीला तीन मीटर आडवं), जागा अपुरी तिथं १:२. त्याहून उभा नाही. माती ठोकून घेतल्यावर जिओटेक्स्टाइल कापड अंथरलं; ते पाणी जाऊ देतं आणि माती अडवतं. दोन पट्ट्या एकमेकींवर ४५ सेंमी चढवल्या, वरची पट्टी खालचीच्या वर. कापड ताणून बसवायचा मोह होतो, पण ताणलेलं कापड दगड पडताच फाटतं. थोडं सैल असलं की दबून मातीला चिकटतं. त्यावर १५ सेंमी खडी, मग सरासरी ३० सेंमीचे दगड, थर ६० सेंमीचा. दगड कोनेदार आणि लहानमोठे मिसळलेले हवेत. गोल गोटे दिसायला छान, पण एकमेकांत अडकत नाहीत, गडगडत खाली जातात. भराई पायथ्यापासून वर करत न्यायची, आणि पायथ्याचे दगड तळात खणलेल्या चरात बसवायचे. चर नसेल तर खालचा दगड सरकतो आणि त्यामागोमाग सगळा उतार.

आमची चूक टोकाला झाली. पिचिंग जिथं संपतं तिथं ते काठाच्या आत वळवून पुरायला हवं होतं. सरळ सोडल्यामुळे लाटा बाजूनं शिरल्या आणि कापडामागची माती वाहून गेली. शेवटचे काही मीटर उकलून पुन्हा केले.

लाटांचा जोर कमी होता तिथं दगड न घालता काथ्याचे ३० सेंमी व्यासाचे रोल खुंट्यांनी जखडले आणि मागे लव्हाळा, पाणकणीस लावलं. काथ्या काही वर्षांत कुजतो, तोवर मुळांनी माती धरायला हवी. बदकं मात्र कोवळे कोंब उपटून खातात. पहिल्या हंगामात जाळी लावली नाही तर लागवड त्यांच्यासाठीच केली असं समजावं.

ट्रेलरवरची बोट गाडीनं पाण्यात सोडायच्या रॅम्पचा उतार १२ ते १५ टक्के. कमी ठेवला तर बोट तरंगण्याआधी गाडीची मागची चाकं बुडतात, जास्त ठेवला तर ओल्या काँक्रीटवर टायर घसरतात. पृष्ठभागावर तिरक्या खाचा पाडल्या, म्हणजे पकडही मिळते आणि गाळही बाजूला वाहून जातो. रॅम्पचं टोक सर्वांत खालच्या पातळीच्याही मीटर-सव्वा मीटर खाली न्यावं. खरी डोकेदुखी तिथंच असते. लोक इंजिनाच्या जोरावर बोट ट्रेलरवर चढवतात. पंख्याच्या झोतानं टोकापाशी खड्डा पडतो आणि ट्रेलरचं चाक त्यात उतरून अडकतं. ‘इंजिन बंद करून बोट चढवा’ अशी पाटी लावली, ती कुणी फारशी वाचत नाही. टोकाला टाकलेल्या जड दगडांचा उपयोग झाला.

कयाकसाठी (वल्ह्यानं चालवायची छोटी होडी) वेगळा तरंगता धक्का केला, पाण्यापासून जेमतेम २० सेंमी उंच. मोटरबोटीच्या धक्क्यावरून कयाकमध्ये उतरणं म्हणजे उडी मारणंच. धक्क्यापर्यंतच्या झुलत्या पुलाचा उतार व्हीलचेअरसाठी १:१२ धरला, म्हणजे पाणी काठापासून एक मीटर खाली गेलं की पूल १२ मीटर लांब लागतो. ॲल्युमिनियमच्या पुलाला स्टेनलेसचे बोल्ट लावताना मध्ये नायलॉनचे वॉशर घालावेत, नाहीतर ओलाव्यात बोल्टभोवतीचं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. धक्का ज्या खांबांवर वरखाली सरकतो, त्यांची डोकी पुराच्या पातळीपेक्षा चांगली मीटरभर वर ठेवावीत. नाहीतर धक्का खांबांवरून निसटतो आणि वाहत जातो.