भाडेकरूंनी राखलेला कारखाना

हेलसिंकीला माझ्याकडे गोव्याहून कुणी आलं की मी त्याला आधी कापेलितेहदास दाखवायला नेतो. समुद्राकाठचा हा जुना केबल कारखाना. 1939 मध्ये सुरू झालेलं त्याचं बांधकाम टप्प्याटप्प्याने 1954 पर्यंत चाललं. समुद्राखालून टाकायच्या केबल इथे तयार व्हायच्या. 1967 मध्ये केबल कंपनी नोकियात विलीन झाली. आज तिथे चित्रकारांचे स्टुडिओ आहेत, नाटका-नृत्याच्या तालमी चालतात, छायाचित्रांचं आणि रंगभूमीचं संग्रहालय आहे. 2022 मध्ये त्याला लागून खास नृत्यासाठी नवी वास्तूही उभी राहिली.

मला मात्र ही इमारत वाचली कशी, ते जास्त मोलाचं वाटतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस नोकिया इथून हलू लागली आणि रिकामे होत गेलेले मजले कलाकारांनी भाड्याने घेतले. उंच छत, मोठ्या खिडक्या, अवजड यंत्रं पेलणारी जमीन. शिल्पकाराला आणखी काय हवं? पुढे इमारत शहराकडे जायचं ठरलं. तिचे तुकडे पाडून ते वेगवेगळ्या कामांना द्यायचा पालिकेचा विचार होता. तेव्हा भाडेकरूंनी ‘प्रो कापेली’ नावाची संघटना काढली. त्यांच्यातल्याच वास्तुविशारदांनी अख्खी इमारत राखणारा पर्यायी आराखडा पुढे ठेवला, आणि 1991 मध्ये शहराने त्यांच्या बाजूने कौल दिला. आता शहराच्याच मालकीची कंपनी ती सांभाळते आणि चालवण्याचा खर्च भाड्यातून भागवते.

गेल्या जत्रेला गावी आलो होतो, तेव्हा तालीम संपल्यावर आमच्या नाट्यमंडळाच्या अण्णांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “अरे, म्युझियम राहू दे. पावसात पडदे भिजणार नाहीत आणि रात्री अकरानंतर पेटी वाजली तर कोणी भांडायला येणार नाही, एवढी जागा बघ.”

अण्णांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सवात पणजीच्या जुन्या गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, खोल्यांत कलाकृती मांडलेल्या पाहून मन भरून येतं. पण तो थोड्या दिवसांचा सोहळा. गावच्या मंडळांना जागा लागते ती बारमाही. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, तेव्हा डिचोली, सांगे भागात खनिज वाहणाऱ्या ट्रकांच्या दुरुस्तीच्या कितीतरी शेड ओस पडल्या. शोध तिथून सुरू करावा. गोव्यातल्या बंद पडलेल्या संजीवनी साखर कारखान्याचं नावही कोणी घेईल, पण तिथल्या ऊस उत्पादकांचा प्रश्न सुटण्याआधी आपण नाटकाचा विषय काढणं मला योग्य वाटत नाही.

शेड मिळाली तर पहिला खर्च छपरावर करावा. पत्र्यावर आषाढाचा पाऊस कोसळू लागला की समोरच्याचा संवाद ऐकू येत नाही, म्हणून पत्र्याखाली आवाज अडवणारा थर हवाच. मग वीज, आग विझवायची सोय, स्त्रियांसाठी नीट स्वच्छतागृह. रंगमंच नंतर. नाटकांचा हंगाम पावसाळ्यानंतरचा, त्यामुळे एकट्या मंडळांच्या जिवावर वर्षभराचं भाडं निघणार नाही. तबल्याचे वर्ग, नेपथ्य बनवणारे सुतार, चतुर्थीआधी गणपतीच्या मूर्ती करणारे कारागीर, सगळ्यांना सोबत घ्यावं लागेल.

शेजारपाजारच्या मंडळांनी मिळून एखाद्या मालकाला भेटावं, निदान वर्षाचा लेखी करार मागावा. ठरलं तर कळवा, पहिल्या वर्षाच्या भाड्यातला माझा वाटा मी इथून पाठवतो.