दुब्रोव्हनिकच्या तटाआत मुक्काम: आधी पायऱ्या मोजा

क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकचं तटबंदीच्या आतलं जुनं शहर नकाशावर हातरुमालाएवढं दिसतं. स्ट्राडुन हा मुख्य रस्ता जेमतेम 300 मीटरचा. तेव्हा अपार्टमेंट कुठलंही घ्या, सगळं जवळच, असा हिशेब होतो. पण नकाशात चढ दिसत नाही आणि फसगत तिथेच होते.

स्ट्राडुन शहराच्या अगदी सखल भागातून जातो. एके काळी तिथे पाणी होतं, ते बुजवून रस्ता झाला. त्याच्या उत्तरेच्या गल्ल्या म्हणजे नुसते जिने: चढताना आधी आडवी प्रियेको गल्ली लागते, मग वर थेट तटाखालची पेलिने. दक्षिणेला मात्र स्ट्राडुन आणि त्याला समांतर असलेली ओद पूचा यांच्या मधली पट्टी सपाट आहे. गुडघे कुरकुरत असतील किंवा सोबत आजी-आजोबा असतील तर घर याच पट्टीत शोधा. रात्री उशिरापर्यंत खालचा गलका ऐकू येईल, तो सोसायचा. प्रियेकोतही जेवणाची टेबलं गल्लीभर मांडलेली असतात, त्यामुळे शांतता हवी असेल तर तिच्याही वर चढावं लागतं. खाली शांतता मिळत नाही, वर सपाटी मिळत नाही.

बुकिंगआधी घरमालकाला दोन आकडे विचारा: रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती, आणि दारापासून पलंगापर्यंत किती. दुसरा प्रश्न हमखास राहून जातो. 1667च्या भूकंपानंतर उभी राहिलेली ही घरं अरुंद आणि उंच आहेत. आतला जिना उभा असतो आणि लिफ्टची आशा धरू नये. चाकांची मोठी बॅग इथे काही कामाची नाही. पाठीवरची सॅक आणा.

तटाच्या आत गाडी येत नाही. विमानतळाची बस शहराकडे येताना तटाच्या पश्चिमेच्या पिले दरवाजाशी थांबते, तिथे उतरा. परतताना ती तटाबाहेरच्या ग्रूझ बंदराजवळच्या बसस्थानकावरून सुटते, म्हणून जाण्याच्या दिवशी तिथवर पोचायला वेळ हाताशी ठेवा. घर पेलिनेच्या बाजूला असेल तर टॅक्सीवाल्याला पिले नको, उत्तरेचा बुझा दरवाजा सांगा. तिथून सामान उतरवत न्यायचं असतं, खालून चढवायचं नाही. उंच भिंतींमध्ये फोनचं जीपीएस भरकटतं. घरमालकाकडून दाराचा फोटो मागवून ठेवा. पासपोर्टही हाताशी असू द्या, कारण पाहुण्यांची सरकारी नोंद त्याला करावीच लागते.

पिले दरवाजावर संत ब्लेझची मूर्ती दिसेल. गोव्यात कुंभारजुव्याजवळच्या गवंडाळीचं चर्च याच संताचं आहे, आणि ते इथल्याच, म्हणजे तेव्हाच्या रागुझाच्या, दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी बांधलं असं मानलं जातं.

स्वयंपाक करणार असाल तर शेगडी कुठली ते विचारून घ्या. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर घरीच ठेवलेला बरा. फोडणी खिडकी उघडूनच करा. पण समोरच्याची खिडकी हाताच्या अंतरावर असते हे लक्षात ठेवून, मिरच्या बेताने. भाजी-फळं गुंडुलिचच्या चौकातल्या सकाळच्या बाजारात मिळतात, दुपारी तो उठतो. रविवारचं सामान शनिवारीच भरा: 2023च्या कायद्याने दुकानांना वर्षातले 16च रविवार उघडता येतात. पाणी विकत घेऊ नका, नळाचं पिता येतं. पिलेच्या आतल्या 1438च्या ओनोफ्रियो कारंज्यावरही बाटली भरून घेता येते. आपली तीन पिनांची प्लग इथे बसत नाही, दोन गोल पिनांचा अडॅप्टर हवा.

तटाआत राहण्याचा खरा फायदा सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर. मधल्या वेळात क्रूझची गर्दी असते. तटावरची 1,940 मीटरची फेरी दार उघडताच सुरू करा: वर सावली जवळपास नाही आणि चालायचं एकाच दिशेने, त्यामुळे पुढचा घोळका थांबला की आपणही थांबतो. तिकीट हंगामात 40 युरोच्या आसपास जातं. त्यापेक्षा तटाची फेरी आणि संग्रहालयं एकत्र असलेला दुब्रोव्हनिक पास घ्या. एका दिवसाचा पास साधारण तेवढ्यातच येतो आणि त्यात शहराची बसही धरलेली असते.

आणि चपला. स्ट्राडुनचा चुनखडी दगड पावलांनी घासून आरशासारखा झालाय. पाऊस पडला की रबरी तळव्याचे बूट घातल्याशिवाय त्यावर पाय ठेवू नका.