नवव्या महिन्यातला डावखुरा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात मी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करते. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या या कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी होते आणि जन्मजात व्यंग, पोषणातील कमतरता, बालपणीचे आजार व विकासातील विलंब या चार गोष्टी आम्ही शोधत असतो. पहिल्या तिन्हींसाठी वजनकाटा, दंडघेराची पट्टी, टॉर्च आणि स्टेथोस्कोप यांचा आधार मिळतो. चौथी मात्र मुलाकडे निवांत बघत बसल्याशिवाय सापडत नाही, आणि दाराबाहेर मुलांची रांग लागलेली असताना नेमका तोच निवांतपणा मिळत नाही.

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यातल्या एका अंगणवाडीत मी चार वर्षांच्या एका मुलीची तपासणी करत होते. तिच्यासोबत तिची आजी आली होती आणि आजीच्या कडेवर मुलीचा धाकटा भाऊ होता, नुकताच नववा महिना लागलेला. त्याची तपासणी अजून व्हायची होती. मी मुलीचे दात बघत असताना त्याने माझ्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपकडे झेप घेतली. स्टेथोस्कोप त्याच्या उजव्या बाजूला होता, आणि तो धरण्यासाठी त्याने सारे अंग उजवीकडे वळवून डावा हात छातीवरून पलीकडे आणला. उजवा हात, जो त्या वस्तूपासून वीतभरही लांब नव्हता, कोपरात वाकून अंगाशी तसाच राहिला.

माझी नजर तिथेच खिळलेली पाहून आजी कौतुकाने म्हणाल्या, "पक्का डावरा हाय बघा ह्यो, डॉक्टरबाई. पणज्यावर गेलाय. उजवीकडं काय बी धरा, घेणार डाव्यानंच."

त्या कौतुकात गैर काहीच नव्हते. घरात पूर्वी कोणी डावखुरे असेल तर नातवाच्या हातात त्याची आठवण शोधणे स्वाभाविक आहे. परंतु पहिल्या वर्षात निरोगी मूल दोन्ही हात जवळजवळ सारखेच वापरते, जी वस्तू ज्या बाजूला असेल त्या बाजूचा हात पुढे करते, आणि एका हाताची निवड साधारण दोन ते चार वर्षांच्या दरम्यान पक्की होते. विकासाचा टप्पा उशिरा आला की घरचे काळजीत पडतात. लवकर आला की पेढे वाटतात. हाताची निवड हा असा टप्पा आहे की तो पहिल्या वाढदिवसाच्या आधी आला, तर निवडलेल्या हाताचे कौतुक बाजूला ठेवून न निवडलेल्या हाताची तपासणी करावी लागते.

मी बाळाला सतरंजीवर बसवले. तो आधाराशिवाय बसला, हाक मारल्यावर वळला, "बाबाबा" म्हणाला, अनोळखी चेहरा पाहून ओठ काढून आजीकडे बघू लागला. त्याच्या कार्डावरील आधीच्या नोंदींमध्ये मान धरणे, पालथे पडणे, बसणे हे सारे वेळेवर झालेले होते, आणि त्या नोंदी खऱ्याच होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांचा अभ्यास करून २००६ मध्ये जी वयोमर्यादा प्रसिद्ध केली, त्यानुसार आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिने आणि स्वतंत्र चालणे ८.२ ते १७.६ महिने या काळात केव्हाही येऊ शकते. त्या अभ्यासातली ४.३ टक्के मुले तर हात व गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत आणि तरीही ठणठणीत होती. म्हणजे केवळ तारखांवर बोट ठेवून पाहिले असते, तर या बाळाविषयी शंका घ्यायला काही जागा नव्हती. शंका होती ती प्रत्येक गोष्ट तो ज्या पद्धतीने करत होता तिच्याविषयी.

मी त्याच्या डाव्या हातात लाकडी ठोकळा दिला आणि मग दुसरा पुढे केला. या वयाचे मूल पहिला ठोकळा एका हातात ठेवून दुसरा दुसऱ्या हाताने घेते, किंवा पहिला या हातातून त्या हातात देते. याने पहिला खाली टाकला आणि त्याच हाताने दुसरा घेतला. तिसऱ्या ठोकळ्यालाही तेच. नंतर त्याच्या चेहऱ्यावर हातरुमाल टाकला, तो त्याने डाव्या हाताने तत्काळ ओढून काढला. पुन्हा रुमाल टाकून डावा हात हळूच धरून ठेवला, तेव्हा तो मान हलवू लागला, कुरकुरला, शेवटी रडला. उजवा हात मात्र चेहऱ्यापर्यंत आला नाही. त्याला पोटाखाली धरून, झोका दिल्यासारखे डोके खाली करत सतरंजीकडे नेले, तेव्हा डावा हात बोटे पसरून जमिनीकडे झेपावला. पडताना सावरण्याची ही क्रिया आठव्या-नवव्या महिन्यात येते आणि ती दोन्ही हातांनी व्हायला हवी. उजव्या हाताची मूठ मिटलेलीच राहिली, अंगठा मुठीच्या आत.

"बाळाला आंघोळ कोण घालतं?" मी आजींना विचारले. न्हाऊ घालणाऱ्या बाईंना बोलावून आणणे अंगणवाडी सेविकाताईंना सोपे होते, कारण त्या दोन घरे सोडूनच राहत होत्या. गावातल्या कित्येक बाळांना त्यांनी तेल लावले होते. मी काही सुचवण्याच्या आत त्या म्हणाल्या, "ह्या मुठीत रोज मळ साठायचा. डावी मूठ तिसऱ्या महिन्यात सुटली. उजवी सोडवायची म्हणजे एकेक बोट उलगडाया लागायचं. मी बोलले हुते, पर म्हनले आसंल ताकद."

मला त्या बोलण्याचे मोल फार वाटते. तिसऱ्या महिन्यानंतरही सतत मिटलेली आणि अंगठा आत दडवलेली मूठ हे वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात दिलेले धोक्याचे लक्षण आहे, आणि त्या बाईंना ते रोजच्या तेल-पाण्यातून सर्वांच्या आधी जाणवले होते. बाळाचे शरीर ज्याच्या हाताखालून रोज जाते, त्याला विचारल्याशिवाय विकासाची तपासणी पूर्ण होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आई कांद्याच्या काढणीला गेली होती. निरोप मिळताच ती आली. बाळ पूर्ण दिवसांचे, प्रसूती सरळ, जन्मताच रडलेले, तिसऱ्या दिवशी घरी आलेले. झटका कधी नाही. मी तिला म्हणाले की उजव्या हाताला मेंदूकडून मिळणारी आज्ञा कमी पडते आहे असे मला वाटते, पायही थोडा ताठ लागतो आहे, आणि याचे कारण जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे अशा मुलांची तपासणी व उपचार जिथे एकत्र होतात तिथे, शोधावे लागेल. तिने पहिला प्रश्न विचारला तो ग्रहणाविषयी. सातव्या महिन्यात ग्रहण होते आणि त्या दिवशी तिने विळीवर भाजी चिरली होती. ही गोष्ट तिने घरात कोणालाही सांगितली नव्हती. सासूबाई शेजारीच उभ्या असताना तिने ती बोलून टाकली, यावरून ते ओझे किती दिवसांचे होते हे कळत होते. ग्रहणाचा आणि बाळाच्या हाताचा काहीही संबंध नाही, हे मी तिला त्यांच्यासमोरच, दोनदा, स्पष्ट शब्दांत सांगितले.

बाळाचे वडील गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यात तमिळनाडूत असतात. फोनवर त्यांच्याशी बोलणे, एमआरआयसाठी बाळाला झोपेचे औषध द्यावे लागेल म्हटल्यावर घरच्यांना वाटलेली भीती आणि "अजून लहान आहे, वर्षाचा होऊ द्या" हा भावकीचा सल्ला या सगळ्यात थोडे दिवस गेले. सेविकाताई आणि आशाताई त्या घरी जात राहिल्या म्हणूनच ते कुटुंब साताऱ्याला पोहोचले. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात जुनी इजा दिसली: जन्माच्या आसपास केव्हातरी एका रक्तवाहिनीचा पुरवठा तुटला होता. मोठ्या माणसाला होतो तसा हा पक्षाघातच, आणि नवजात बालकांत तो वाटतो तितका दुर्मीळ नाही. काही हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, आणि तो डाव्या बाजूला होण्याचे प्रमाण अधिक असल्याने अशा मुलांचा उजवा हात अधिक वेळा मागे पडतो. बहुतेक वेळा नेमके कारण सापडत नाही आणि पुढच्या बाळंतपणात तो पुन्हा होण्याची शक्यता फार कमी असते. ही दोन्ही वाक्ये केंद्रातील बालरोगतज्ज्ञांनी आईला समजावून सांगितली.

इतकी मोठी गोष्ट जन्मानंतर कित्येक महिने कोणालाच कशी दिसत नाही, असे आजींनी मला नंतर विचारले. पहिल्या काही आठवड्यांत बाळाच्या हातपाय हलवण्यावर मेंदूच्या वरच्या थराचा ताबा फारसा नसतो, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्याच हलताना दिसतात. चौथ्या-पाचव्या महिन्यात बाळ ठरवून वस्तूकडे हात नेऊ लागते, तेव्हा इजा झालेला भाग कामाला येत नाही आणि फरक उघडा पडतो. याच काळात आणखी एक गोष्ट घडत असते. सुरुवातीला मेंदूच्या प्रत्येक अर्ध्या भागाकडून दोन्ही हातांकडे तंतू गेलेले असतात, आणि पुढे वापरानुसार काही मार्ग बळकट होतात, काही विरून जातात. जो हात वापरला जात नाही त्याच्याकडे येणारा इजा झालेल्या बाजूचा उरलासुरला मार्गही मागे हटतो. म्हणून "वर्षाचा होऊ द्या" हा सल्ला कितीही मायेने दिलेला असला तरी तो घातक आहे, हे मी आता प्रत्येक घरात हेच कारण देऊन सांगते.

केंद्रातील फिजिओथेरपिस्टने आईला शिकवलेले उपचार ऐकायला साधे वाटतात. दिवसातून ठरावीक वेळ डाव्या हातावर मऊ मोजा चढवायचा आणि त्या वेळेत उजव्या हाताला जमेल असा खेळ द्यायचा. बाकीच्या वेळी दोन्ही हातांशिवाय होणार नाही असा खेळ, म्हणजे मोठा चेंडू, दोन झाकणे एकमेकांवर आपटणे, परातीतल्या पाण्यात थपथप. भरवताना, बोलावताना, खुळखुळा वाजवताना आईने उजव्या बाजूला बसायचे. घरात प्लॅस्टिकचा बसायचा वॉकर आणलेला होता, तो बंद करायला सांगितला. अशा वॉकरमध्ये मूल चवड्यांवर ढकलत राहते, आणि ज्याचा पाय आधीच ताठ आहे त्याची टाच त्यामुळे आणखी उचलली जाते. कॅनडाने तर २००४ मध्ये त्यांच्या विक्रीवरच बंदी घातली. पुढे तो धरून उभा राहू लागल्यावर मात्र आजींनी माळ्यावरचा जुना लाकडी पांगुळगाडा काढला आणि फिजिओथेरपिस्टने तो पाहून आनंदाने होकार दिला, कारण पांगुळगाडा ढकलायला मूल स्वतःच्या पायांवर उभे असावे लागते आणि दांडी दोन्ही हातांनी धरावी लागते. उजवा हात दांडीवरून घसरू नये म्हणून आजींनी त्या जागी कापडी चिंधी गुंडाळली होती, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

पायाला आधार देणारा पट्टा, महिन्याच्या फेऱ्या, डोळ्यांची व कानांची तपासणी, झटका आला तर काय करायचे याची माहिती हे सारे सोबत चालू राहिले. भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते असे आईने कोणाकडून तरी ऐकले होते आणि तो बोलणारच नाही या भीतीने ती खचली होती. इतक्या लहान वयात उजवी बाजू ते काम बऱ्याच अंशी उचलू शकते, हे तिला समजावावे लागले.

या अनुभवानंतर आमच्या पथकाची पद्धत थोडी बदलली. बडोद्यात डॉ. प्रमिला फाटक यांनी भारतीय बालकांसाठी तयार केलेल्या विकास-मापनश्रेणीत हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ बाबी आहेत. ती श्रेणी प्रशिक्षित माणसाने वेळ देऊन वापरायची असते आणि अंगणवाडीच्या ओसरीवर ते शक्य नाही. पण खुळखुळा आधी उजवीकडून आणि मग डावीकडून देणे, दोन्ही तळवे उघडून पाहणे आणि आंघोळ घालणाऱ्या व्यक्तीला एक प्रश्न विचारणे याला दोन मिनिटेही लागत नाहीत. तालुक्याच्या मासिक बैठकीत आम्ही सेविकाताईंना हे करून दाखवले. नंतर त्यांच्यापैकी एकीने कळवलेल्या बाळाचे दोन्ही हात अगदी व्यवस्थित निघाले. तिला मी सांगितले की असेच कळवत राहा.

तो मुलगा विसाव्या महिन्यात स्वतंत्र चालला. आता दोन वर्षांचा आहे, दोन-दोन शब्दांची वाक्ये बोलतो, भावली घेऊन बहिणीशी भांडतो. उजवा हात मदतनीस म्हणून काम करतो: वाटी दाबून धरतो, चेंडू उचलायला साथ देतो, बटण मात्र लावू शकत नाही आणि कदाचित पुढेही अडचण राहील. चालताना उजवी टाच पूर्ण टेकत नाही. पोटरीच्या स्नायूसाठी इंजेक्शन द्यायचे की पट्टाच पुढे चालू ठेवायचा, याचा निर्णय केंद्रातील डॉक्टर दिवाळीनंतरच्या तपासणीत घेणार आहेत, आणि त्या फेरीसाठी वडील सुट्टी काढून येणार आहेत.