हॅटवाल्याची गिटार

मैफलीत माझं लक्ष गाणाऱ्यापेक्षा साथीदारांकडेच जास्त असतं. तान लांबली की पेटीवाला कुठे हात आवरता घेतो, टाळ्या पडल्यावर तबलजी कुणाकडे बघतो, आणि शेवटी बिदागीचं पाकीट चाचपताना चेहरे कसे होतात, हे बघण्यात माझी संध्याकाळ छान जाते. या खोडीमुळेच अमेरिकन रॉक अँड रोल गायक एल्विस प्रेस्ली ऐकायला घेतला आणि अडकलो त्याचा गिटारवाला स्कॉटी मूर याच्यापाशी.

स्कॉटीचा जन्म १९३१ चा, टेनेसीतल्या गॅड्सडेन गावाजवळचा. नौदलात चार वर्षं काढून तो मेम्फिसला आला आणि भावांच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात हॅटच्या कामाला लागला. मळकी हॅट स्वच्छ करायची, वाफ द्यायची, साच्यावर चढवून पुन्हा आकारात आणायची. संध्याकाळी गिटार. डबल बास वाजवणारा बिल ब्लॅक शेजारीच राहायचा, तोही टायरच्या कारखान्यातला कामगार.

४ जुलै १९५४ ला, रविवारी, मेम्फिसमधल्या सन रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीच्या सॅम फिलिप्सच्या सांगण्यावरून एक एकोणीस वर्षांचा ट्रक ड्रायव्हर स्कॉटीच्या घरी आला. कपडे गुलाबी, बूट पांढरे, केसांचा थाट विचारू नका. गाऊन गेला. बिलला तो काही फारसा पटला नाही. स्कॉटीचं मत पडलं, पोरगा बरा गातो. झालं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी रात्री तिघं स्टुडिओत जमले. संथ गाणी करून बघितली, एकही रंगेना. मधल्या सुट्टीत एल्विसने ब्लूज गायक आर्थर क्रडपचं ‘दॅट्स ऑल राइट’ नुसती मस्ती म्हणून सुरू केलं, बिल त्यात घुसला, मागोमाग स्कॉटी. आतून सॅमने डोकं बाहेर काढून विचारलं, काय चाललंय हे? कुणालाच सांगता येईना. मग पुन्हा पहिल्यापासून करा म्हणाला.

ते रेकॉर्डिंग कान देऊन ऐका. ड्रम नाहीच. बिल बासच्या तारा ओढून पट्टीवर आपटतोय, तोच ठेका. स्कॉटीच्या अंगठ्यात नखी, तिने खालचे सूर चालू; उरलेल्या बोटांनी वरचे सूर. ही तऱ्हा गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्सची, स्कॉटीचं दैवत. पण एल्विसचा शब्द चालू असताना स्कॉटी मध्ये येत नाही. ओळ संपली की मोकळ्या जागेत दोन-चार सूर टाकतो आणि बाजूला होतो. हात तयार असूनही न वाजवणं फार कमी जणांना जमतं, आपल्याकडेही.

पुढे त्याने रे बट्स नावाच्या कारागिराकडून एक अ‍ॅम्प्लिफायर घेतला. त्यात टेपचं वेटोळं फिरत असे आणि प्रत्येक सुरामागे त्याचा पडसाद उमटे. स्टुडिओत मिळणारा तो परिणाम आता गावोगाव बरोबर नेता येऊ लागला. त्याचा उपयोग किती झाला, देव जाणे. १९५६ पर्यंत पोरींचा आरडाओरडा असा वाढला की रंगमंचावर स्वतःची गिटारही ऐकू येईना. तेव्हा हे लोक एल्विसच्या कमरेकडे बघून गाण्यात कुठे आलोय ते ओळखत. जगात ढुंगणाच्या इशाऱ्यावर चालणारा आमचाच एक बँड, असं स्कॉटी पुढे मिश्कीलपणे सांगायचा.

आता बिदागी. सुरुवातीचे काही महिने एल्विसचा मॅनेजर स्कॉटीच होता. पुढे मॅनेजर म्हणून कर्नल पार्कर आले, आणि मिळकतीत वाटा असलेले स्कॉटी आणि बिल पगारी नोकर झाले: दौऱ्यावर असताना आठवड्याला २०० डॉलर, घरी असताना १००. इकडे एल्विस लाखोंत खेळत होता. सप्टेंबर १९५७ मध्ये स्कॉटी आणि बिल दोघांनी राजीनामे दिले. मला यात एल्विसचा दुष्टपणा दिसत नाही. पण पैशाचा विषय निघाला की त्याला ऐकू येत नसे, हेही खरंच.

स्कॉटी अधूनमधून परतला. १९६८ च्या टीव्ही कार्यक्रमात प्रेक्षकांच्या गराड्यात काही जुनी मंडळी बसली आहेत आणि एल्विस चक्क स्कॉटीची गिटार मागून घेऊन वाजवतोय. तो कार्यक्रम जरूर बघा. स्कॉटी गालातल्या गालात हसतो. त्यानंतर दोघं कधीच एकत्र वाजवायला बसले नाहीत. लास व्हेगासचं बोलावणं आलं तेव्हा त्या पैशांत नॅशव्हिलची कामं सोडणं परवडणारं नव्हतं. स्कॉटी तिथेच ध्वनिमुद्रणाच्या कामात रमला आणि वीसेक वर्षं गिटार जवळपास बाजूलाच पडली. ती त्याने नव्वदीच्या दशकात पुन्हा हातात घेतली, तेव्हा त्याच्याबरोबर वाजवायला रोलिंग स्टोन्सचा गिटारवादक कीथ रिचर्ड्ससारखे लोक हौसेने आले.

रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये एल्विस १९८६ च्या पहिल्याच यादीत होता. साथीदारांसाठी वेगळा विभाग निघाला २००० साली, आणि त्याच वर्षी स्कॉटी आत गेला. बिल ब्लॅकचा नंबर लागला २००९ मध्ये. तो जाऊन तेव्हा ४३ वर्षं झाली होती.